फडातले गाणे, फडातला वाटा

मराठी भाषेत 'फड' हा शब्द मोठा गमतीचा आहे. ऊस उभा असतो तो फड. तमाशाची मंडळी ज्या संस्थेला आपले घर मानतात तोही फडच. पंढरीच्या वाटेवर वासकरांचा फड, देहूकरांचा फड चालतो. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड रंगतो. आणि याच पुणे शहरात पेशव्यांच्या राज्याचा जमाखर्च जिथे लिहिला जाई त्या कचेरीला हुजूर फड म्हणत. शेत, खेळ, भजन आणि हिशेब यांना जी भाषा एकाच शब्दात बसवते, ती बोलणाऱ्या लोकांच्या मनात या चार गोष्टी एकमेकींपासून फार दूर नसाव्यात. शब्दाची व्युत्पत्ती पंडितांनी सांगावी. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झालेले. आम्हांस दिसते ते इतकेच की, पुष्कळ माणसे एका कामासाठी जमली आणि त्या कामातला प्रत्येकाचा वाटा ठरलेला असला, म्हणजे मराठी माणूस त्या जमण्याला फड म्हणतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकून घेतले, आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. तेव्हा शेतकऱ्याचे कर्ज, सारा, दुष्काळ हे विषय पुणेकरांना नवे नाहीत. शेतकऱ्याचे गाणे हा विषय मात्र आपण नेहमी निराळ्या खणात ठेवतो. तो लोकसाहित्याच्या अभ्यासकांना दिला आहे, आणि त्यांनी त्यावर परिश्रमही केले आहेत. सातवाहन हालाच्या गाथासप्तशतीत नांगऱ्या आहे, शेत राखणारी पोर आहे, स. आ. जोगळेकरांनी तो ग्रंथ १९५६ साली पुण्यात मराठी वाचकांच्या हाती दिला. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी गावोगावची गाणी जमवून खंडच्या खंड छापले. पुण्याच्याच गी पॉयत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, तो एक लाखाच्या वर गेला आहे. या सर्वांचे ऋण मान्य करून आम्ही एक प्रश्न विचारणार आहोत. गाणे कोणत्या शेतात गाइले गेले, आणि त्या शेतातले धान्य कोणाच्या घरी गेले?

शेतकरी कष्ट विसरण्यासाठी गातो, असे शाळेच्या पुस्तकातून सांगण्यात येते. हे अर्धेच खरे आहे. मोटेवरचा गडी एकटा असतो; तो बैलांशी बोलावे तसा गातो, आणि त्याचे कष्ट गाण्याने हलके होत असतील. जात्यावरची बाई पहाटे मन मोकळे करते. पण भलरी ही त्यातली नव्हे. भलरी हे पंधरा-वीस माणसांचे गाणे आहे, आणि ते विळ्या-खुरप्यासारखेच एक हत्यार आहे.

ज्यांनी सुगी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. ज्वारीच्या कापणीला किंवा भांगलणीला माणसे शेताच्या एका कडेला ओळीने उभी राहतात. प्रत्येकाच्या वाट्याला जी पट्टी येते तिला पात म्हणतात. पात धरली म्हणजे ती बांधापर्यंत न्यायची. आता ओळीत सगळी माणसे सारखी नसतात. एक तरणाबांड गडी असतो, एक म्हातारी असते, एक पहिल्यांदाच विळा हाती धरलेला पोर असतो. मोकळे सोडले तर गडी पुढे जाईल, म्हातारी मागे राहील, ओळ वाकडी होईल, मध्येच पीक उभे राहील. तेथे म्होरक्या ओळ म्हणतो आणि बाकीचे भलरीचा पुकार उचलून धरतात. पुकारावर विळा चालतो, ओळीवर मूठ बांधली जाते. एखाद्याची पात मागे पडली तर शेजारचा दोन हात त्याच्या पातीतून मारतो, आणि म्होरक्या ओळ लांबवून त्याला वेळ देतो. म्होरक्याला गळा लागतो हे खरे, पण गळ्यापेक्षा त्याला डोळा लागतो. कोण दमले, कोण कामचोरी करतो, पाण्याची घागर केव्हा आणायची, हे त्याला गाता गाता पाहावे लागते. येथे श्रोता कोणीच नसतो. जो कापतो तोच गातो, आणि बांधावर उभे राहून ऐकणारा माणूस एक तर मालक असतो किंवा वाटसरू.

आम्ही आयुष्यभर कामाच्या वेगावरून भांडलो आहोत, म्हणून या गोष्टीकडे आमचे लक्ष गेले. ओळीचा वेग कोणी ठरवायचा, हाच मजुरीच्या जगातला पहिला झगडा आहे. भलरीचा वेग ओळीतल्या सर्वांत अशक्त माणसाला झेपेल असा असे, पण सर्वच शेतांत नव्हे. तो तसा असे सावडीच्या शेतात.

सावड म्हणजे काय, हे शहरातल्या पिढीला सांगावे लागते. पाच-दहा घरे मिळून ठरवतात: आज सर्वांनी तुझ्या शेतात, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या. पैसा कोणी द्यायचा नाही. दिवसाला दिवस फेडायचा. ज्याच्यापाशी एकच बैल तो शेजाऱ्याच्या बैलाशी वारंगुळा करी, म्हणजे दोन अर्ध्या शेतकऱ्यांचे मिळून एक औत होई. इर्जिक त्याहून मोठी. नांगरट मागे राहिली, घरात आजार झाला, विधवेच्या शेताला कोणी वाली नाही, अशा वेळी गावातली औते एका शेतात बोलवायची. दहा-बारा नांगर एकाच रानात, बांधावर हलगी किंवा ढोल, आणि संध्याकाळी त्या घरचे जेवण. महिन्याचे काम एका दिवसात उरके. आमच्या मते मराठी खेड्यातली सर्वांत मोठी नाट्यशाळा म्हणजे ही इर्जिक. तिला पडदा नव्हता आणि तिकीट नव्हते; बैलांसह सारे गाव त्यात पात्र होते.

खानदेशात या एकोप्याला आणखी पक्के रूप आले. पांझरा, मोसम या नद्यांवर धुळे-नाशिक भागात काही शतकांपूर्वी शेतकऱ्यांनी बंधारे घातले, पाट काढले, आणि पाटाखालची जमीन काही तुकड्यांत वाटून घेतली. त्या प्रत्येक तुकड्याचे नाव फड. एका फडात यंदा ऊस, दुसऱ्यात धान्य, तिसऱ्यात आणखी काही. पुढच्या वर्षी पिके फिरवायची. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने पाणी आले तर सर्वांना आणि तुटले तरी सर्वांना. पाटकरी, जागले यांना मजुरी पिकातून. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस. सरकारी इंजिनिअर नसताना ही व्यवस्था चालली, आणि स्वराज्यात वर मोठी धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, उसाचे पैसे दिसू लागले, तशी ती बव्हंशी ढिली पडली.

इतके ऐकून कोणी म्हणेल, वा, काय ते सोन्याचे दिवस. श्रोतेहो, तसे नव्हे. त्या इर्जिकीकडे आपण बांधावरून पाहूया. बांधावर जो हलगी वाजवीत उभा आहे तो मांग आहे. त्याच्या टिपरीवर दहा नांगर चालतात, त्याच्या घामाने साऱ्या रानाला चेव येतो. पण नांगर त्याचा नाही, रान त्याचे नाही, आणि संध्याकाळी पंगत बसते तेव्हा तो पंगतीत नाही. त्याचे वाढणे दूर, त्याच्या भांड्यात, वरून. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून बलुत्याची सारी पद्धत मांडली. ज्यांना खळ्यावरचा वाटा शेवटी आणि मागून मिळतो ती माणसे त्या ग्रंथात ओळीने उभी आहेत.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. सावडीत दिवसाला दिवस फेडायचा असतो. ज्याला जमीनच नाही त्याचा दिवस कोठे फेडणार? तो सावडीत येऊच शकत नाही. त्याला पेंढी मिळते किंवा रोज मिळतो; ओळीत तो सर्वांच्या बरोबर भलरीचा पुकार उचलतो, पण त्या पुकाराचा अर्थ त्याच्यापुरता निराळा असतो. म्होरक्याने ओळ लांबवली तर सावडीतल्या माणसाला विसावा मिळतो. मजुराच्या मालकाला ती कामचोरी वाटते. उक्त्या कामात तर गाण्याचा वेग सर्वांत बळकट गड्याच्या हातावर जातो. शब्द तेच, चाल तीच, माणसेही पुष्कळदा तीच. लोकगीतांच्या वहीत ही दोन गाणी एकच म्हणून उतरतील. उतरवून घेणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. वहीत सातबारा लिहिण्याची रीत नव्हती.

हे केवळ आमच्याकडचे नाही. अमेरिकेत कापसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांत गुलाम गात असत, आणि गोरे पाहुणे म्हणत की पाहा, हे लोक किती आनंदात आहेत. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आपल्या आत्मचरित्रात या समजाचा समाचार घेतला: गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत दुःखी असतो तेव्हा, असे त्याचे सांगणे. अमेरिकेतली गुलामी उठवणाऱ्या लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यातून आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. जोतीरावांना पोवाड्याची ताकद ठाऊक होती. शिवाजी महाराजांवरचा त्यांचा पोवाडा १८६९ चा. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यांच्या सत्यशोधक समाजातून पुढे जे जलसे निघाले, त्यांनी तमाशाचाच साज घेतला आणि सावकार, कुलकर्णी, भटजी यांची सोंगे शेतकऱ्यांपुढे उभी केली. हे जलसेवाले धंदेवाईक नट नव्हते. पुष्कळसे स्वतः शेतकरी. सुगी आटोपली की ढोलकी-झांज घेऊन निघत. त्यांच्या मागोमाग १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचे आंबेडकरी जलसे आले. शेतातले गाणे आता शेताबद्दल बोलू लागले, हा मोठाच फरक होता.

आणि मग शेतात न गाण्याचेही दिवस आले. अलिबागजवळच्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांची सभा झाली आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली आसपासच्या २५ गावांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे खाचरांत लावणी नाही. आम्ही कारखान्यातले संप पाहिले आहेत. तीन महिने झाले की घरातली भांडी मोडीत जातात, हे आम्हांस माहीत आहे. सहा वर्षे ज्यांनी दम धरला त्यांना काय म्हणावे! लोकांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, अर्धपोटी राहिले. ज्या शेताचा वाटा आपला नाही त्यात विळाही नाही आणि सूरही नाही, असा तो बहिष्कार होता. खोती पुढे १९४९ च्या कायद्याने गेली.

ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांची हकीकत याहून दारुण. नवे भात पिकले की तारपा वाजू लागतो आणि त्याच्याभोवती बायापुरुष कमरेला हात घालून फेर धरतात. त्या फेरात पाहणारा कोणी नाही, सगळे नाचणारे. पण ज्या भातावर हा नाच, ते भात सावकार-जमीनदाराच्या कोठारात जायचे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या नवराबायकोला 'लग्नगडी' असे नाव होते; नवे लग्न लागले की एक नवी गुलामी जन्माला येई. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले, आणि वेठ करायची नाही, रोजाला बारा आणे घेतल्याशिवाय जमीनदाराच्या रानात पाय ठेवायचा नाही, असे ठरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार होऊन पाच माणसे मेली. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. कामगार चळवळीत आलेल्या प्रत्येक पोराच्या हाती आम्ही ते पुस्तक देत आलो आहोत.

ज्या वर्षांत वारली उठत होते त्याच वर्षांत, १९४४ साली, मुंबईत लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. यांतला प्रत्येकजण मोठा. पण आमच्या विषयाला अण्णा भाऊ जवळचे. वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० साली जन्मलेला हा माणूस. इर्जिकीच्या बांधावर हलगी घेऊन जो उभा असे त्याच्या घरातला. तो माणूस बांधावरून रंगणाच्या मध्यभागी आला. त्याने गणाचा रोख बदलला, गवळण गाळली, आणि तमाशाचे लोकनाट्य केले. प्रेक्षकांत गिरणी कामगार बसलेले असत, आणि ते बव्हंशी कोकणातून, सातारा-सांगलीतून सुगी सोडून आलेले शेतकरीच होते. त्यांनी समोर पाहिले ते नाटक नव्हते. आपल्याच गावचा बांध उलटा वळून बोलत होता. कलापथकाची कला किती आणि प्रचार किती, यावर टीकाकारांनी बरीच शाई खर्च केली. त्या वादात पडायला आम्हांस सवड झाली नाही.

येथवर आपण दोन उणिवा पाहिल्या: हलगीवाला पंगतीबाहेर, भूमिहीन सावडीबाहेर. पहिलीला रंगणातून उत्तर मिळाले. दुसरीला मिळालेले एक उत्तर पुण्यापासून फार दूर नाही. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले. नायगावला त्यांनी देवस्थानची सुमारे ४० एकर माळरान जमीन कराराने घेऊन पाणी अडवण्याचे प्रयोग केले, आणि १९७४ पासून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम असा, की पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातल्या माणसांच्या मापाने मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. हा शेवटचा नियम वाचला तेव्हा आम्हांस खानदेशातल्या फडाची आठवण झाली, आणि फडाने जे केले नव्हते ते येथे केले गेले याचे समाधानही वाटले. गाणे-बजावणे येथे फारसे आले नाही. ज्या व्यवस्थेत वाटा नीट असतो तेथे गाणे आपोआप येते, असे काही आम्ही म्हणणार नाही. ते आणावे लागते.

ते कसे आणले गेले हे पाहायला विदर्भाच्या पूर्व टोकाला जावे लागेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख; त्याला झाडीपट्टी म्हणतात. धान कापून झाले की मोकळ्या बांधीत मंडप पडतो, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री नाटक. नाटक पहाटेपर्यंत चालते, आणि पाहुण्यारावळ्यांनी घरे भरलेली असतात. पूर्वी दंडार असे, आता वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या असतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद पडल्या, त्या अलीकडे पुन्हा सुरू झाल्या. नाटक मधल्या काळातही चालूच राहिले.

याच मुलखाच्या शेजारी, वरोऱ्याजवळ, बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापली आणि १९५१ साली आनंदवन सुरू केले. कुष्ठरोगी म्हणजे गावाच्या प्रत्येक पंगतीतून उठवलेला माणूस. महाराला-मांगाला निदान दूरची पंगत होती. याला तीही नाही. बोटे झडलेल्या माणसांनी तेथे खडकाळ रानात विहीर खोदली, भाजीपाला पिकवला. ती भाजी विकत घ्यायला पहिल्याने गिऱ्हाईक मिळेना. पुढे १९६७ साली मूल तालुक्यात, थेट झाडीपट्टीत, सोमनाथचा प्रकल्प सुरू झाला: जंगलातली जमीन, बरे झालेले रोगी आणि धानाची शेती. तेथे दर उन्हाळ्यात मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. पहाटे उठून कुदळ-फावडे, दुपारी व्याख्याने आणि चर्चा, संध्याकाळी गाणी, नकला, पथनाट्ये. पुण्याहून दरसाल मुले-मुली जातात. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो सायकल यात्रेतही हीच छावणीची रीत होती.

श्रमदान या शब्दावर आमचा फारसा विश्वास नाही, हे स्पष्ट सांगावे. सामूहिक विकास योजना १९५२ साली सुरू झाली तेव्हापासून हा शब्द सरकारी झाला, आणि ज्याला रोजाची भाकरी रोज मिळवायची आहे त्याच्याकडून फुकट रस्ता करून घ्यायलाही तो वापरला गेला. ज्याच्या पोटाला आधार आहे त्यानेच दान करावे. सोमनाथच्या छावणीत तसेच आहे, म्हणून तेथे आमची तक्रार नाही. कॉलेजचा पोर आठ दिवस खणतो, त्याच्या हाताला फोड येतात, आणि ज्याच्या हाताला बोटेच नाहीत तो त्याला फावडे कसे धरायचे ते दाखवतो. येथे म्होरक्या कोण आणि पात कोणाची मागे पडली, हे पाहण्यासारखे असते. पण छावणी संपल्यावर पोर घरी जातो. धान पेरायचे, राखायचे, कापायचे ते उरलेल्या माणसांनीच. तेव्हा सोमनाथचा खरा फड म्हणजे छावणीचे आठ दिवस नव्हेत, उरलेले पन्नास आठवडे. आनंदवनात मित्रमेळावे होत, पु. ल. देशपांडे येत, कुमार गंधर्व गात, ते आम्हांस मोलाचे वाटते. त्याहून मोलाची वाटते ती २००२ साली डॉ. विकास आमट्यांच्या प्रयत्नांतून सुरू झालेली 'स्वरानंदवन' ही मंडळी. अंध, मूकबधिर, अपंग आणि कुष्ठमुक्त माणसांचा हा वाद्यवृंद गावोगाव जातो, तिकीट लावून कार्यक्रम करतो. पाहुण्यांनी येऊन गाण्याच्या जागी घरच्यांनी जाऊन गायचे, असा हा उलटा प्रवास.

कारखान्यातल्या गाण्याचे थोडे सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, बीबीसीने इंग्लंडमधल्या कारखान्यांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. काम करणाऱ्याचे मन रमावे, हात मंदावू नये, माल जास्त निघावा, हा उद्देश. कामगाराने गायचे नव्हते, ऐकायचे होते. पुढे हे जगभर पसरले. पुण्याजवळच्या एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, असेच कर्णे बसवण्यात आले. मुलांना गाणी आवडली. दोन महिन्यांनी पट्ट्याचा वेग वाढवण्यात आला, आणि गाणीही जलद आली. युनियनने गाणी बंद करा अशी मागणी केली नाही. वेग ठरवताना आमच्या माणसाला विचारा, अशी मागणी केली. व्यवस्थापनाला ती समजायला दीड वर्ष लागले. भलरी म्हणजे काय हे आम्ही त्या वाटाघाटीच्या टेबलावर सांगून पाहिले होते. साहेबांनी ते लोककलेबद्दलचे निवेदन समजून टिपून घेतले.

शेतातली भलरी आता जवळजवळ गेली. ज्वारीचे रान कमी झाले, तणनाशक आले, कापणीची यंत्रे आली. ट्रॅक्टरवर कर्णा असतो आणि चालकाला तो पुरतो. उसाच्या फडात आज मराठवाड्यातले नवराबायको जोडीने राबतात. त्या जोडीला माणूस न म्हणता 'कोयता' म्हणतात. टनावर पैसे, मुकादमाची उचल आधीच अंगावर, आणि गाडी कारखान्यावर कधी जाईल याचा नेम नाही. तेथे भलरीची ओळ लांबवून मागच्याला वेळ देणारा म्होरक्या कसा असेल? नारायणगावला मात्र दरसाल पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. घरटी वर्गणी अजून गोळा होते. एक फड निकामी झाला तरी दुसरा तग धरून आहे.

इर्जिक हा शब्दही मेला असे वाटत असता तो अनपेक्षित ठिकाणी उठून बसला. पानी फाउंडेशनने २०१६ पासून पाणी अडवण्याच्या वॉटर कप स्पर्धा घेतल्या. उन्हाळ्याच्या पहाटे गावेच्या गावे गाणी लावून चर खणू लागली. २०२२ साली त्याच संस्थेने शेतकरी गटांसाठी फार्मर कप सुरू केला, आणि गटातल्या शेतकऱ्यांनी एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबायचे, याला इर्जिक हेच नाव दिले. मजुरीचा खर्च वाचतो, बायाबापड्या गात हसत काम करतात, असे या गावांतून ऐकायला मिळते. आम्हांस ते खोटे वाटत नाही. गट शेतकऱ्यांचा असतो. त्याच गावात ज्याला रान नाही, जो काल त्याच रानात रोजावर भांगलायला येत होता, त्याचा रोज इर्जिकीने गेला का, की त्यालाही पात मिळाली आणि पिकात काही वाटा ठरला, हे गावागणिक निराळे असणार. येत्या सुगीला आमच्या युनियनची चार माणसे अशा काही गावांत मुक्कामाला जाणार आहेत. त्यांतल्या दोघांचे वडील सावडीत होते आणि एकाचे आजोबा हलगी वाजवीत.